गोखल्यांचे राहून गेलेले फिरणे

डिसेंबर १९०१ मध्ये काँग्रेसचे कलकत्ता अधिवेशन आटोपल्यावर दक्षिण आफ्रिकेतून आलेले एक तरुण बॅरिस्टर तिथेच महिनाभर गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे राहिले. पाहुणे होते मोहनदास गांधी, वय ३२. यजमान त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे, पण व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे नवे सभासद. पाहुण्याने यजमानाचा दिवस अगदी जवळून पाहिला. घटकाही वाया जात नव्हती. भेटायला येणारी माणसे, पत्रे, सरकारी अहवाल, टिपणे. बोलणे होई तेही देशाच्या कामाचेच. गांधींना त्याचे फार कौतुक वाटले. दोन गोष्टी मात्र खटकल्या. गोखले ट्रामऐवजी घोडागाडीने जात, आणि पायी फिरायला म्हणून कधीच बाहेर पडत नसत.

घोडागाडीचा खुलासा गांधींना पटला. ओळखी इतक्या वाढल्या होत्या की ट्रामने जाणे गोखल्यांना अशक्य झाले होते. फिरण्याबद्दलचे उत्तर मात्र पटले नाही. प्रकृती सारखी कुरकुरते यात नवल नाही, देशकार्यात व्यायामाला जागाच नसावी की काय, असा गांधींच्या प्रश्नाचा रोख होता. त्यावर गोखल्यांनी उलट विचारले, की फिरायला जाता येईल इतका मोकळा मी तुम्हाला कधी दिसलो का. आदरापोटी गांधी गप्प बसले. समाधान झाले नव्हते हे त्यांनी पुढे आत्मकथेत लिहून ठेवले.

तेरा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले पुण्यात वारले. वय ४८. मधुमेह होता, आणि अखेरीस हृदय थकल्यामुळे येणारा दमा. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान आज लांबून करणे बरोबर नाही, आणि अतिकामानेच त्यांना मधुमेह झाला असे म्हणणे तर अशास्त्रीय होईल. पण हातात चांगली कामे ओसंडून वाहत असताना शरीराच्या वाट्याला काय येते, हे पाहण्यासाठी त्यांच्या आयुष्याइतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील कोतळूक गावचा. वडील कागलला नोकरीला. गोपाळ १३ वर्षांचा असताना ते वारले. थोरला भाऊ गोविंद स्वतःही शिकतच होता. त्याने शिक्षण सोडले, कागलात १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्याला पाठवू लागला. उरलेल्या ७ रुपयांत सगळे घर. हे ऋण डोक्यावर घेऊन शिकलेल्या मुलाला रिकामे बसणे पुढे कधी जमले नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. मिळालेला प्रत्येक तास कुणीतरी आपल्यासाठी पोटाला चिमटा घेऊन दिलेला आहे, अशी ती मनाची घडण असते. आपल्याकडे अनेक घरांतली पहिली शिकलेली पिढी हे ओझे अजून वाहते.

१८८४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, आणि मग ७५ रुपये पगारावर वीस वर्षे काम करण्याची शपथ घेऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. फर्ग्युसन महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवत, गणित शिकवत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवत. ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय गोखल्यांकडे येई. अंकगणिताचे पुस्तक लिहिले, ते शाळाशाळांतून चालले. आगरकरांच्या ‘सुधारक’मधला इंग्रजी मजकूर ते पाहत. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन होते. संस्थेचेही ते सात वर्षे चिटणीस होते, आणि महाविद्यालयासाठी वर्गणी गोळा करायला सुट्ट्या खर्ची पडत. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सरकारी आकडेवारी वाचण्याचे जे शिक्षण चालले होते, ते वेगळेच. रानडे एकेक अर्ज, एकेक टिपण पुन्हा पुन्हा लिहून घेत.

यातले एकही काम फालतू नव्हते. अतिकामाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा नावडती नोकरी, जाचक वरिष्ठ, कर्जाचे हप्ते अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात. तो ताण ओळखायला सोपा असतो. आवडीच्या आणि मोलाच्या कामांचा ढीग ओळखायला कठीण, कारण त्यातले कुठलेही एक बाजूला ठेवायला सबळ कारण मिळत नाही. गोखल्यांच्या बाबतीत हे विशेष दिसते. मान आणि पैसा नाकारणे त्यांना अवघड गेले नाही. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताबही त्यांनी घेतला नाही. काम नाकारणे मात्र जमले नाही.

शरीराचे म्हणणे बाजूला सारायची सवयही जुनीच. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा यांच्याबरोबर ते इंग्लंडला निघाले. वाटेत फ्रान्सच्या कॅले बंदरात ते पडले आणि छातीला मार बसला. काही दिवस त्यांनी कोणाला सांगितलेच नाही. दुखणे असह्य झाले तेव्हा डॉक्टर आले आणि सक्तीची विश्रांती मिळाली. त्यानंतर त्यांनी साक्ष दिली, आणि ती गाजली. त्यांच्या हृदयाच्या दुखण्याचे मूळ या अपघातात शोधण्याची चाल चरित्रांतून दिसते. वैद्यकीयदृष्ट्या ते सांगणे कठीण आहे. न सांगता सोसण्याची वृत्ती तेवढी नक्की दिसते.

गांधी कलकत्त्यात राहून गेले त्या १९०२ साली एक वळण येऊ शकले असते. त्याच वर्षी गोखल्यांनी फर्ग्युसन सोडले. सतरा वर्षांचे शिकवणे थांबले म्हणजे दिवसातले कितीतरी तास रिकामे झाले. पण हे तास रिकामे राहिले नाहीत. मार्चमध्ये त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले मोठे भाषण झाले. सरकार दरवर्षी शिल्लक दाखवते ती भरभराटीची खूण नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये उतरत उतरत एक रुपयावर आला, त्यात त्यांच्या या सततच्या मांडणीचा वाटा मोठा. असे एक भाषण तयार करायला महिनोन्‌महिने निळ्या बांधणीचे अहवाल उपसावे लागत. तेव्हा गणकयंत्र नव्हते आणि मदतनीसही थोडे.

मग पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद आले. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनमागच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी इंग्लंडचा दौरा, जिथे पन्नास दिवसांत चाळीसहून अधिक भाषणे झाली, आणि परत येताच डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद. घरी दुसऱ्या पत्नीचेही निधन झालेले होते, दोन मुली होत्या. या सगळ्यात फिरायला जायचे राहिले. ज्या टेकडीवर आज शेकडो पुणेकर मधुमेहाच्या धाकाने पहाटे चढतात, तिच्या पायथ्याशी या माणसाचे बिऱ्हाड होते.

भारत सेवक समाजाची कल्पना खरे तर ओझे वाटून घेण्याचीच होती. आयुष्य देशाला वाहिलेली, शिकलेली, अभ्यासू माणसे तयार करायची. एकट्यादुकट्याच्या उत्साहावर काम लटकू द्यायचे नाही. श्रीनिवास शास्त्री यांच्यासारखी माणसे त्यातून उभी राहिली. पण संस्थापकाने स्वतःच्या दिवसातून काही कमी केले नाही, उलट सभासदांचे शिक्षण हे आणखी एक काम वाढले. नवी जबाबदारी घेताना जुनी कोणाच्या हाती द्यायची, हे ज्याने संस्थेसाठी इतके नेमके ठरवले त्याला ते स्वतःसाठी ठरवता आले नाही.

आता शरीरात काय होत असते ते पाहू. ताण आला की ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. त्यांच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, आणि इन्शुलिनचा प्रभाव तात्पुरता कमी होतो. वाघ समोर आला असेल तर ही सोय उत्तम. पळताना स्नायू ती साखर जाळून टाकतात. टेबलापाशी बसून उद्याच्या भाषणाची काळजी करणाऱ्या माणसाच्या शरीरातही संप्रेरके तीच येतात. साखर मात्र जाळली जात नाही, कारण पाय हललेलेच नसतात. असे एखाद्या दिवशी झाले तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे झाले, आणि अंगात मुळात प्रवृत्ती असली, तर स्वादुपिंडाला रोज जादा इन्शुलिन ओतत राहावे लागते आणि एक दिवस ते मागे पडते.

झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठात झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले. एवढ्या थोड्या काळातही जेवणानंतरची साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता स्पष्टपणे घसरली. झोप भरून काढल्यावर ती सुधारली. तरुण होते म्हणून.

चालण्याने नेमके उलटे घडते. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या परवानगीची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. इन्शुलिन नीट काम करत नसलेल्या माणसासाठी ही दुसरी वाट फार मोलाची आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात, आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि थोडी वजनघट यांनी मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००२ मध्ये दिसले. चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीयांवर केलेल्या तशाच अभ्यासात, २००६ मध्ये, ही घट २८ टक्क्यांच्या आसपास निघाली. आपल्याकडे आकडा लहान, तरी औषधाच्या गोळीच्या तोडीस तोड.

हे ज्ञान गोखल्यांच्या काळी नव्हतेच असे समजू नये. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रुग्णांना शंभर योजने चालायला आणि विहीर खणायलाही सांगितले आहे. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत उष्ण प्रदेशांतल्या मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा बंगालमधला शिकलेला, बैठ्या कामाचा वर्गच या रोगाला जास्त बळी पडतो, हे तिथे काम केलेल्या डॉक्टरांनी मांडले होते. गोखले ज्या शहरात वर्षातले काही महिने कायदेमंडळाच्या कामासाठी काढत, त्याच शहराबद्दल हे बोलणे होते.

उपचार मात्र तुटपुंजे होते. इन्शुलिन सापडले १९२१ मध्ये, आणि पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले १९२२ च्या जानेवारीत. त्याआधी पथ्य, खनिज झऱ्यांचे पाणी, हवापालट आणि काही वेळा अफू एवढेच वैद्यांच्या हाती होते. म्हणून त्या काळी रोजची राहणी हाच उपचार होता. याच पुण्यात मधुमेहाचा दुसरा एक प्रसिद्ध रुग्ण होता, लोकमान्य टिळक. त्यांनी महाविद्यालयात असताना एक वर्ष केवळ शरीर कमावण्यात घालवले होते. मंडालेच्या तुरुंगात मधुमेहासाठी जवाच्या पिठाचे पथ्य त्यांनी कडकपणे पाळले. सहा वर्षे दौरे नाहीत, सभा नाहीत. गोखल्यांहून दहा वर्षांनी मोठे असलेले टिळक त्यांच्यानंतर पाच वर्षे जगले. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, आणि तुरुंगवास हा काही कोणाला सुचवायचा उपाय नव्हे. तरीही ही जोडी मनातून जात नाही.

१९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभर त्याच्या प्रचारासाठी ते राबले, आणि १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. या पराभवानंतर काही महिने थांबायला कोणाची हरकत नव्हती. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले, सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचे सभासद झाले, आणि तिथूनच दक्षिण आफ्रिकेची बोट धरली.

२२ ऑक्टोबरला केपटाऊनला उतरल्यापासून १७ नोव्हेंबरला निघेपर्यंत चार आठवडेही झाले नाहीत. सभा, मेजवान्या, मानपत्रे, खाणींची शहरे, नाताळमधले मजूर. जोहान्सबर्गच्या एका सभेत कोकणी मुसलमान पुष्कळ होते, थोडे मराठी हिंदूही. गांधींनी आग्रह केला की मराठीतच बोला, हिंदुस्थानी भाषांतर मी करतो. त्यांच्या हिंदुस्थानीवर गोखले खूप हसले, पण बोलले मराठीतच, आणि ते त्यांना आवडलेही. दौऱ्यातली ही एक मोकळी जागा.

विश्रांतीसाठी त्यांना टॉल्स्टॉय फार्मवर नेले तर स्टेशनपासून चालावे लागले. त्यात पाऊस आला, वारा सुटला, आणि नाजूक प्रकृतीला थंडी बाधली. त्यांच्यासाठी खाट मागवून आणली होती. बाकी सगळे जमिनीवर झोपतात हे कळल्यावर त्यांनी आपलेही अंथरूण जमिनीवर घालून घेतले. पाय चेपून द्यायला गांधी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख तयार होते, त्यालाही नकार. पुढे प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांची भेट ठरली. आदल्या रात्री गोखल्यांनी सगळा विषय पुन्हा मुळापासून घोटला. स्वतः झोपले नाहीत आणि बरोबरच्यांनाही झोपू दिले नाही. सारे काही आधीच पाठ असलेल्या माणसाने काढलेली ही रात्र होती. मधुमेही माणसाला अशी एक रात्र काय किंमत मागते, हे आज साखर मोजणाऱ्या कोणालाही दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

१९१३ मध्ये आफ्रिकेतला सत्याग्रह पेटला तेव्हा गोखले आजारी होते. अंथरुणावरून लांबच लांब तारा जात राहिल्या, देशभरातून पैसा उभा केला गेला, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना आफ्रिकेला पाठवले गेले. आयोगाचे काम चालूच होते. ते काम लंडनलाही नेई. १९१४ च्या उन्हाळ्यात प्रकृतीसाठी ते फ्रान्सला गेले आणि महायुद्ध सुरू झाल्याने पॅरिसमध्ये अडकले. लंडनला परतल्यावर तिथे गांधीच आजारी पडलेले सापडले. छातीत पाणी झाले होते आणि फळांखेरीज काही घ्यायला तयार नव्हते. डॉ. जीवराज मेहता यांचे ऐका, म्हणून गोखल्यांनी त्यांच्यापाशी आग्रह धरला. दुसऱ्याच्या प्रकृतीची त्यांना फार चिंता असे. स्वतःला लंडनचे धुके सोसेना, म्हणून ते ऑक्टोबरात मायदेशी निघाले.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीही परत आले आणि पुढच्याच महिन्यात पुण्याला गेले. भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी छोटा फराळ ठेवला होता: शेंगदाणे, खजूर, फळे. कार्यक्रम गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर. उठून येण्यासारखी प्रकृती नव्हती, पण ते राहवले नाहीत. आले, आणि घेरी येऊन पडले. त्यांना आत नेले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठवला की फराळ थांबवू नका. त्यांना असे झटके अधूनमधून येतच असत.

त्यांच्या शेवटच्या आजाराचे नाव वैद्यक आजही वापरते: हृदयजन्य दमा. हृदयाचा डावा भाग पुरेशा जोराने रक्त पुढे ढकलू शकत नाही, मग मागे फुप्फुसांत पाणी साचते, आणि आडवे झाले की श्वास कोंडतो. रुग्ण रात्री उठून बसतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि हृदयाचे स्नायू दोन्ही खराब होतात, हे आता पक्के माहीत आहे. लघवी वाढवून हे पाणी उतरवणारी चांगली औषधे तेव्हा नव्हती, रक्तदाबावर तर काहीच नव्हते. आजच्या एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यातही त्यांना बरीच वर्षे जगवता आले असते.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धानंतर हिंदुस्थानला कोणत्या राजकीय सुधारणा द्याव्यात याचे टिपण त्यांच्याकडे मागितले होते. तेही गोखल्यांनी घेतले. मृत्यूच्या दोन दिवस आधी त्यांनी पेन्सिलीने त्याचा कच्चा खर्डा लिहिला. तो पक्का करायचा राहिला, आणि १९१७ मध्ये आगाखान यांनी तो तसाच प्रसिद्ध केला.